रबरी डस्ट कव्हरची हातकटाई: वाढलेले रिजेक्शन आणि दुखावलेले मनगट

पार्श्वभूमी

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणारे रबर मोल्डिंगचे लहानमोठे अनेक कारखाने आहेत. प्रस्तुत प्रकरण अशाच एका मध्यम आकाराच्या कारखान्यातले आहे. कारखान्याचे आणि ग्राहकाचे नाव दिलेले नाही, ओळख पटू शकेल असे काही तपशील बदलले आहेत, आणि ज्या कामगार महिलेभोवती हे प्रकरण फिरते तिला येथे सुमनताई म्हटले आहे. ग्राहकाची तक्रार आल्यानंतर कामाच्या पद्धतीची पाहणी करण्यासाठी मला बाहेरून बोलावण्यात आले होते. पुढील मांडणी त्या काळातल्या नोंदी, बैठका आणि ट्रिमिंगच्या टेबलाशी बसून केलेले निरीक्षण यांवर आधारलेली आहे.

कारखान्यात इतर मालाबरोबर मोटारीच्या स्टिअरिंगच्या जोडावर बसणारे डस्ट कव्हर तयार होत असे. क्लोरोप्रीन रबराचा हा वाटीसारखा भाग आतले ग्रीस बाहेर येऊ देत नाही आणि बाहेरची धूळ व पाणी आत जाऊ देत नाही. ही सारी भिस्त त्याच्या तोंडाशी असलेल्या पातळ काठावर, म्हणजे लिपवर असते. कच्च्या रबराचा ठरावीक वजनाचा तुकडा, ज्याला प्रेसवर, म्हणजे दाब देणाऱ्या यंत्रावर, ब्लँक म्हणतात, तो तापलेल्या साच्यात ठेवून दाबला जातो. रबर साच्याच्या पोकळीत भरते आणि उरलेले रबर साच्याच्या दोन भागांच्या सांध्यातून बाहेर सरकून तिथेच पिकते, म्हणजे उष्णतेने कायमचे घट्ट होते. भागाच्या कडेला राहिलेली ही झालर म्हणजेच फ्लॅश. साचा चांगला असेल आणि ब्लँकचे वजन नेमके असेल तर फ्लॅश कागदाइतका पातळ येतो, पण तो पूर्णपणे टाळता येत नाही. म्हणून प्रेसनंतर ट्रिमिंग, म्हणजे ही झालर हाताने कापून काढणे, येते.

ट्रिमिंगचे काम ठेकेदारामार्फत आलेल्या महिला करत. मजुरी नगावर होती. दर एकच, साचा कोणताही असो आणि फ्लॅश कितीही जाड असो. महिलांची संख्या वीसच्या आसपास असे. त्यांपैकी डस्ट कव्हरच्या टेबलावर सहा जणी बसत आणि त्यांत सुमनताई सर्वांत जुन्या होत्या.

काम प्रत्यक्ष कसे चालते

बाहेरून पाहणाऱ्याला ट्रिमिंग हे बसून करायचे हलके काम वाटते. प्रत्यक्षात डावा हात नग फिरवत राहतो आणि उजवा हात वक्र टोकाच्या कात्रीने झालर कापत जातो. कात्रीचे पाते लिपला चिकटून पण लिपला न लागता पुढे सरकायला हवे. नग मऊ असल्यामुळे बोटांच्या दाबाने त्याचा आकार बदलतो, तेव्हा कुठे किती दाबायचे हे डाव्या हाताला कळावे लागते. पाते रबरात अडकू नये म्हणून प्रत्येकीजवळ साबणाच्या पाण्याची वाटी असते आणि कात्री मधूनमधून त्यात बुडवली जाते. कापलेली झालर मांडीवरच्या पोत्यावर पडते. सवय झालेली बाई बोलता बोलता हे करते, पण तिची नजर लिपवरून हलत नाही.

सुमनताईंच्या कात्रीच्या अंगठ्याच्या कडीवर जुन्या साडीची चिंधी घट्ट गुंडाळलेली होती. शेजारच्या दोघींच्या कात्र्यांवरही तशीच चिंधी होती, तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्या, ग्रोमेट (वायर आरपार नेण्यासाठी छिद्रात बसवायची रबरी कडी) कापणाऱ्या महिलांच्या कात्र्या उघड्या होत्या. कंपनीने दिलेल्या कात्र्या सर्वांना एकाच बनावटीच्या होत्या. ही चिंधी मला पहिल्या दिवशीच खटकली, कारण अंगठ्याला कडी रुतल्याशिवाय कोणी ती गुंडाळत नाही, आणि एकाच कात्रीने काम करणाऱ्या दोन गटांपैकी एकालाच ती रुतत असेल तर फरक कात्रीत नसून कापल्या जाणाऱ्या मालात असला पाहिजे.

अडचण

सुरुवात ग्राहकाच्या तक्रारीने झाली. जोडणीनंतर काही डस्ट कव्हरमधून ग्रीस झिरपत असल्याचे त्यांना आढळले आणि परत आलेल्या नगांच्या लिपवर कात्रीचे बारीक काप दिसले. कारखान्याच्या स्वतःच्या तपासणीतही कापलेली लिप आणि अर्धवट राहिलेला फ्लॅश ही रिजेक्शनची दोन मोठी कारणे ठरू लागली होती. या नोंदी नगानिशी ठेवल्या जात, कोणी ट्रिम केले हे पिशवीवरच्या क्रमांकावरून कळत असे, आणि त्या क्रमांकांमध्ये सुमनताईंचा क्रमांक वारंवार येत होता.

त्याच सुमारास सुमनताईंचा हात दुखू लागला होता. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत. झोपेतून उठून हात झटकला की थोडे बरे वाटे. सकाळी कात्री धरताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येई. त्यांनी हे सुपरवायझरला सांगितले होते. "ताई, घरी भाकऱ्या थापता, धुणी धुता, त्यानं दुखत असेल," असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला नाही आणि मेडिकलमधून मलम आणून काम चालू ठेवले.

म्हणजे एकाच वेळी एकाच टेबलावर दोन गोष्टी घडत होत्या: माल बिघडत होता आणि हात बिघडत होता. कारखान्यात पहिलीची नोंद गुणवत्ता विभागाकडे होती आणि दुसरीची नोंद कुठेच नव्हती, त्यामुळे दोन्हींचा संबंध जोडला गेला नाही.

पहिला निर्णय आणि त्याचे परिणाम

तक्रारीनंतर उत्पादन विभागाने जे ठरवले ते अशा प्रसंगी सर्रास ठरवले जाते. ट्रिमिंगच्या महिलांना पुन्हा प्रशिक्षण द्यायचे, कापलेल्या नगामागे मजुरीतून रक्कम वजा करायची आणि डाव्या हातात कापरोधक हातमोजा सक्तीचा करायचा. हातमोज्यामागचा हेतू चांगला होता, कारण बोटांना लहानसहान जखमा होत असत. पण त्यामुळे डाव्या हाताची जाण गेली, नग अधिक घट्ट धरावा लागू लागला, घट्ट धरल्यावर त्याचा आकार अधिक बदलू लागला आणि लिपला काप लागण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले. महिला सुपरवायझर आला की हातमोजा घालत आणि गेला की काढून अंगठ्याला व तर्जनीला चिकटपट्टी गुंडाळत.

मजुरीतून कपात सुरू झाल्यावर हात अधिक वेगाने चालू लागले, कारण बुडालेली रक्कम जास्त नग करून भरून काढण्याखेरीज त्यांच्यापुढे मार्ग नव्हता. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत हानिकारक निर्णय हाच होता. ज्या कामात विश्रांतीचा एकेक मिनिट हाताला सावरतो, तिथे विश्रांतीची किंमत वाढवण्यात आली.

खरे कारण कसे सापडले

मी टेबलाशी बसलो त्या दुपारी सुमनताई एका मोठ्या पिशवीतून नग काढून त्यांचे दोन ढीग करत होत्या. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "हे तीन, चार आणि नऊ नंबरचे. ह्यांना वेळ लागतो. बाकीच्या पोरींना जमत नाहीत, मग मीच घेते."

साच्यात १२ पोकळ्या होत्या आणि कोणता नग कोणत्या पोकळीतून आला हे कळावे म्हणून प्रत्येक नगावर पोकळीचा क्रमांक उठवलेला असे. ट्रिमिंगच्या महिलांना हे क्रमांक पाठ होते. तीन, चार आणि नऊ या पोकळ्यांच्या नगांची झालर जाड येते हे त्या टेबलावर दीर्घकाळ सर्वांना ठाऊक होते, आणि सर्वांत कुशल बाईने ते नग घ्यावेत अशी त्यांच्यात बिनबोलाची वाटणीही झालेली होती. त्यामुळे रिजेक्शनच्या नोंदीत सुमनताईंचा क्रमांक पुढे दिसत होता आणि त्यामुळेच त्यांचा हात सर्वांत आधी दुखावला.

जाडीमापकाने प्रत्येक पोकळीच्या नगांचा फ्लॅश मोजला. नऊ पोकळ्यांमध्ये तो ०.१५ ते ०.२५ मिमी होता. उरलेल्या तीन पोकळ्यांमध्ये ०.५ ते ०.६ मिमी. एवढ्या जाड झालरीला कात्री अधिक उघडावी लागते, प्रत्येक काप जोर लावून घ्यावा लागतो, आणि जोराने मिटणारे पाते नेमके कुठे थांबेल यावरचा ताबा सुटतो. मनगट वाकवून, अंगठा ताणून, दिवसभर हजारो वेळा हे घडत होते.

त्यानंतर साचा उघडून पाहिला. तीनही पोकळ्यांच्या कडेचा सांधा, जिथे साच्याचे दोन भाग एकमेकांवर घट्ट बसायला हवेत, तो झिजून गोलसर झाला होता आणि त्यावर ओरखडे होते. चिकटलेले रबर काढण्यासाठी पितळी पट्टी वापरायची असते. प्रेसवर ती हरवली होती आणि तिच्या जागी स्क्रूड्रायव्हर आला होता. शिवाय ब्लँकचे वजन १८ ग्रॅम ठरलेले असताना प्रत्यक्षात २० ते २१ ग्रॅमचे तुकडे टाकले जात होते. प्रेसवरच्या कामगाराचे म्हणणे सरळ होते: रबर कमी पडून नग अपुरा भरला तर तो त्याच्या नावावर रिजेक्ट होतो, जास्त टाकले तर कोणी काही विचारत नाही.

त्याच्या म्हणण्यात या प्रकरणाची गुरुकिल्ली होती. अपुरा भरलेला नग प्रेसच्या खात्यावर जात होता, कापलेली लिप ट्रिमिंगच्या खात्यावर जात होती, पण जाड फ्लॅश कोणाच्याच खात्यावर जात नव्हता. तो निस्तरण्याचे काम ठेक्याने आणि नगावर दिलेले असल्यामुळे त्याला लागणाऱ्या जादा वेळेची किंमत कारखान्याच्या कोणत्याही हिशेबात उमटत नव्हती. ती ट्रिमिंगच्या टेबलावरच्या महिला आपल्या वेळेतून आणि आपल्या हातांतून भरत होत्या. एकदा पिकलेले रबर पुन्हा वितळवून वापरता येत नाही, त्यामुळे नगामागे दोन-तीन ग्रॅम कंपाउंडही, म्हणजे तयार कच्चे रबरही, वाया जात होते. व्यवस्थापनाचे लक्ष प्रथम वेधले ते याच आकड्याने, हे मान्य करायला हवे.

हात घरकामाने दुखतो की कामाने, या प्रश्नाचेही उत्तर याच मोजमापातून मिळाले. टेबलावरच्या सर्वच महिला घरी भाकऱ्या थापत होत्या आणि धुणी धूत होत्या. रात्री बोटे बधिर होण्याची किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखण्याची तक्रार मात्र डस्ट कव्हर कापणाऱ्या सहांपैकी तिघींची होती आणि पातळ फ्लॅशचे ग्रोमेट कापणाऱ्यांपैकी एकीचीही नव्हती. एवढ्या छोट्या गटावरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही, तरी निर्णय घेण्यासाठी एवढे पुरेसे होते.

दवाखाना आणि अडलेला लाभ

सुमनताईंना कर्मचारी राज्य विमा योजनेच्या दवाखान्यात पाठवण्यात आले. तिथल्या डॉक्टरांनी मनगट वाकवून धरायला सांगून बोटांत मुंग्या येतात का ते पाहिले, मधुमेह आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घेतल्या, कारण या आजारांतही हीच लक्षणे दिसतात, आणि नसेच्या तपासणीनंतर कार्पल टनेल सिंड्रोमचे निदान केले. मनगटातल्या अरुंद मार्गातून जाणाऱ्या मुख्य नसेवर दाब येऊन अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होणे हे त्याचे लक्षण असते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधणे, तीन आठवडे कात्री न धरणे आणि सुधारणा न झाल्यास पुढे इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेचा विचार, असा सल्ला मिळाला.

तीन आठवड्यांच्या रजेचा आजारपण लाभ मागताना वेगळाच प्रश्न उभा राहिला. या योजनेत महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात, कामगाराचा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के हिस्सा भरला जातो, आणि आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. त्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान, म्हणजे हा हिस्सा, भरलेले असावे लागते. सुमनताई महिन्यातले पंचवीस-सव्वीस दिवस कामावर असत; ठेकेदाराने मात्र बहुतेक महिन्यांत अकरा-बारा दिवसच दाखवले होते.

चौकशीत त्याची पद्धत समोर आली. तो महिन्याच्या एकूण नगांच्या मजुरीला किमान दैनिक वेतनाने भागत असे आणि जो भागाकार येईल तितके दिवस हजेरीत दाखवत असे. याचा अर्थ असा की पंचवीस दिवसांच्या कामाला बारा दिवसांचेच किमान वेतन मिळत होते. त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या हिशेबाने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नसे. नगाचा दर साचा नवा असताना, फ्लॅश पातळ असताना ठरला होता. साचा झिजत गेला, नगामागचा वेळ वाढत गेला, आणि दर तिथेच राहिला.

इथे कारखान्याने घेतलेला निर्णय योग्य होता. ठेकेदाराकडे बोट दाखवून मोकळे होण्याचा सल्ला त्यांच्याच कार्यालयातून देण्यात आला होता, पण त्या वेळच्या राज्य विमा कायद्यात मूळ मालकानेच ठेकेदाराच्या कामगारांचेही अंशदान प्रथम भरायचे आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचे असे. कारखान्याने हजेरीच्या गेटवरच्या नोंदी काढून दिवसांची दुरुस्ती केली, फरकाचे अंशदान भरले आणि मजुरीतला फरक टेबलावरच्या सर्व महिलांना दिला. लाभाची रक्कम सुमनताईंना उशिरा मिळाली. मधल्या काळात त्यांनी बचत गटातून उचल घेतली होती.

विचारात घेतलेले पर्याय

व्यवस्थापनाच्या बैठकीत पहिला पर्याय आला तो सुमनताईंना पॅकिंगला हलवून त्यांच्या जागी तरुण मुलगी बसवण्याचा. तो स्वस्त होता आणि लगेच अमलात येणारा होता, पण त्याने दुखणे एका हातातून दुसऱ्या हातात जाणार होते.

दुसरा पर्याय द्रव नायट्रोजनने फ्लॅश काढण्याचा होता. यात नग उणे तापमानाला इतके थंड केले जातात की पातळ झालर काचेसारखी ठिसूळ होते आणि प्लॅस्टिकच्या बारीक कणांचा मारा करून ती तोडता येते. बाहेरून हे काम करून देणारे मिळतात. उत्पादन प्रमुखांना हा पर्याय फार आवडला होता, कारण त्यात माणसाच्या हाताचा प्रश्नच राहत नाही. अडचण अशी की पातळ झालर भागाच्या आधी गोठते म्हणूनच ती सुबक तुटते. अर्धा मिलिमीटर जाडीची झालर गोठवायची तर लिपही ठिसूळ होते आणि तिच्या कडा फुटण्याचा धोका असतो. म्हणजे या मार्गाने जायचे तरी साचा आधी दुरुस्त करावाच लागणार होता. शिवाय टेबलावरच्या सहा जणींचे काय, याचे उत्तर त्या प्रस्तावात नव्हते.

तिसरा पर्याय कामाची साधने आणि पाळी बदलण्याचा होता: स्प्रिंगने आपोआप उघडणाऱ्या कात्र्या, ठरावीक दिवशी धार, टेबलाची योग्य उंची, दर तासाला थोडी विश्रांती आणि डस्ट कव्हर व ग्रोमेट यांच्यात अदलाबदल. खर्च कमी, परिणाम लवकर, पण मूळ कारण तसेच.

चौथा पर्याय साच्याचा. सांधा घासून पुन्हा बसवायचा आणि जादा रबर जाण्यासाठी पोकळीभोवती खाच करायची, म्हणजे झालर सांध्याशी पातळ राहते. यात अडथळा असा की साचा ग्राहकाच्या मालकीचा होता. त्याला हात लावायचा तर ग्राहकाची परवानगी हवी आणि दुरुस्तीनंतर नग पुन्हा मोजून, तपासून मंजूर करून घ्यायला हवेत. साचा बंद राहील तितके दिवस पुरवठा थांबणार होता.

काय केले

तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र करण्याचे ठरले. मजुरीतली कपात त्याच आठवड्यात बंद झाली. हातमोजा सक्तीचा राहिला नाही. त्याऐवजी अंगठा आणि तर्जनीसाठी पातळ रबरी टोप्या दिल्या, ज्यांनी जाण टिकते. कात्र्या बदलल्या. सुरुवातीला महिलांना स्प्रिंगच्या कात्र्या आवडल्या नाहीत, कारण स्प्रिंग फार कडक होती आणि मिटण्यासाठी उलट जास्त जोर लागत होता. तीन प्रकार टेबलावर ठेवून त्यांनाच निवडायला सांगितल्यावर त्यांनी सर्वांत हलक्या स्प्रिंगची आणि रुंद कडीची कात्री घेतली. धार लावण्यासाठी कात्र्यांचा दुसरा संच ठेवला गेला, त्यामुळे धारवाल्याची वाट पाहत बोथट कात्रीने काम करण्याची वेळ येईना.

प्रेसवर वजनकाटा आला आणि ब्लँकचे वजन पाळीतून चार वेळा नोंदवायचे ठरले. अपुऱ्या भरलेल्या नगांसाठी प्रेसच्या कामगाराला जबाबदार धरणे काही काळ थांबवले, कारण ते चालू असताना कोणीही वजन कमी केले नसते. पितळी पट्ट्या साखळीने प्रेसला बांधल्या.

साच्याची परवानगी मिळायला वेळ लागला. दिवाळीच्या सुट्टीत कारखाना बंद असताना साचा टूलरूमला, म्हणजे साचे बनवणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेत, पाठवला गेला आणि सुट्टीनंतर दुरुस्त साच्याचे नग ग्राहकाने मंजूर केले.

त्यानंतर एक वळण आले ज्याची कोणी अपेक्षा केली नव्हती. फ्लॅश पातळ झाल्यामुळे महिला दिवसाला अधिक नग करू लागल्या आणि ठेकेदाराने काम सोपे झाले म्हणून नगाचा दर कमी करण्याचा प्रस्ताव आणला. हा प्रस्ताव मान्य झाला असता तर सुधारणेचा सगळा फायदा वेगात जिरला असता आणि हातांवरचा भार पूर्वीच्याच जागी आला असता. बरीच चर्चा होऊन असे ठरले की वेळेचा अभ्यास नव्याने करायचा, विश्रांती धरून आठ तासांत सर्वसाधारण कामगाराला किमान वेतनापेक्षा जास्त मिळेल असा दर ठेवायचा, आणि कोणत्याही पोकळीचा फ्लॅश ०.२५ मिमीच्या वर गेला तर त्या नगांना जादा दर द्यायचा. शेवटची अट उत्पादन विभागाला रुचली नाही. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे जाड फ्लॅशला प्रथमच किंमत लागली आणि ती किंमत साच्याची देखभाल करणाऱ्यांच्या हिशेबात दिसू लागली.

परिणाम

तीनही पोकळ्यांचा फ्लॅश दुरुस्तीनंतर बाकीच्यांच्या बरोबरीने आला. लिप कापल्याची ग्राहकाची तक्रार पुढच्या काळात पुन्हा आली नाही आणि कंपाउंडचा वापर ठरलेल्या वजनाजवळ आला. टेबलावरच्या इतर दोघींचे दुखणे कात्र्या बदलल्यावर आणि अदलाबदल सुरू झाल्यावर कमी झाले.

सुमनताईंचा हात मात्र पूर्ण बरा झाला नाही. रात्रीचा बधिरपणा गेला, पण बारीक वस्तू चिमटीत धरताना पकड सुटते आणि थंडीत अंगठा दुखतो. त्यांना पगार कमी न करता तपासणीच्या टेबलावर बसवण्यात आले. कापलेली लिप त्या इतरांपेक्षा लवकर ओळखतात. शस्त्रक्रियेचा सल्ला त्यांनी तूर्त घेतलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

फ्लॅशची जाडी पोकळीनिहाय मोजायला एक दुपार पुरली. हे मोजमाप तक्रार आली त्याच आठवड्यात झाले असते तर प्रशिक्षण, कपात आणि हातमोजे यांत गेलेला काळ वाचला असता. गुणवत्ता विभागाकडे कोणाचा नग कापला गेला याची नोंद होती. तो नग कोणत्या पोकळीचा होता हे त्याच नगावर उठवलेले असूनही नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता. तो एक रकाना असता तर सुमनताईंच्या क्रमांकाआधी तीन, चार आणि नऊ हे आकडे दिसले असते.

सुमनताईंना तपासणीला बसवण्याचा निर्णय त्यांना न विचारता घेतला गेला. त्यांचे स्वतःचे म्हणणे अर्धा दिवस ग्रोमेट कापावेत आणि अर्धा दिवस तपासणी करावी असे होते, कारण तपासणीच्या टेबलावर दिवसभर मान खाली घालून बसावे लागते आणि त्याचा वेगळा त्रास होतो. डॉक्टरांशी बोलून हे जमवता आले असते. पुढे तसे करण्यात आले, पण त्यांनी दोनदा मागणी केल्यावर.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र साच्याची परवानगी मिळेपर्यंतच्या काळाचा आहे. दोष कुठे आहे हे कळल्यानंतरही त्या तीन पोकळ्यांतून माल निघत राहिला आणि सुमनताई रजेवर असताना तो माल दुसऱ्या एका महिलेकडे गेला. तिच्याही अंगठ्याला कळ सुरू झाली आणि दिवाळीच्या आधीच ती काम सोडून गेली; तिचे पुढे काय झाले याचा कारखान्याने शोध घेतला नाही. या तीन पोकळ्या बंद करून उरलेल्या नऊंवर साचा चालवणे शक्य होते. बैठकीत हे सुचवले गेले तेव्हा उत्पादन एक चतुर्थांशाने घटेल आणि ग्राहकाची जोडणीची लाइन थांबेल असे उत्तर आले. पुरवठादाराला लाइन थांबवणे किती महाग पडते हे मला माहीत आहे, आणि ती भीती खोटी नव्हती. पण जादा पाळी घेऊन किंवा गोदामातला साठा वापरून ती तूट किती भरून निघेल याचा हिशेब त्या बैठकीत कोणी मांडलाच नाही; नकार आधी आला. आता साच्याच्या इतिहासपत्रकावर पोकळीनिहाय फ्लॅशची नोंद महिन्याला होते आणि मर्यादा ओलांडल्यास साचा दुरुस्तीला पाठवण्याची तारीख त्यावर लिहावी लागते. ती तारीख येईपर्यंत दोषी पोकळी बंद ठेवायची की नाही, हा निर्णय अजून त्या त्या वेळच्या उत्पादन प्रमुखावरच सोपवलेला आहे.